अंबाडा सुटता कामा नये

मे १९८२. दिवस मावळला तरी पायाखालची धूळ तापलेलीच आहे. गोंडपिपरीहून धाब्याकडे जाणारी वाट सोडून तुम्ही एका गोंड वस्तीत शिरलात. कुडाच्या भिंती, शेणानं सारवलेलं अंगण, कुंपणापाशी पिवळाधमक बहावा. खिशातला मोबाईल चाचपू नका; इथे अजून वीज नाही. वैनगंगेपलीकडची आष्टीसुद्धा आज चंद्रपूर जिल्ह्यातच आहे. २६ ऑगस्टला गडचिरोली वेगळा होईल, हे या अंगणात फक्त तुम्हाला ठाऊक. सांगू नका. ऐकणार तरी कोण? वस्तीत लग्न आहे आणि रात्री रेला नाच आहे.

आई मांडवात भात शिजवायला गेली. पोरी बापाच्या हवाली.

धाकटी त्याच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये बसली आहे. कंदिलाच्या उजेडात तो तळहातावर टोरीचं तेल ओततो. मोहाच्या बियांचा तो जड वास तुमच्याही नाकात शिरतो आणि मग दुसरं काही हुंगूच देत नाही. बोटं खरबरीत, काळी पडलेली. पहाटेपासून या बोटांनी तेंदूचे पुडे बांधलेत. एकेका पुड्यात सत्तर पानं, वर वाकाचा आवळ फास. ढिला पुडा पानं मोजून घेणारा फळीमुंशी बाजूला फेकतो. वेणी घालणं या हातांना कुणी शिकवलेलं नाही, त्यामुळे तो केसांचाही पुडाच बांधतो. खोटं कशाला बोलू, अंबाडा तसा वाकडाच आहे.

"बा, दुखते ना!"

"दुखू दे. नाचताना सुटला तं कोन बांधन?"

वरवर हे बापाचं दटावणं. पण रेला पाहिलेल्या माणसाला त्यातलं शहाणपण कळतं. पोरी एका रांगेत, एकमेकींच्या कमरेमागून हात गुंफून उभ्या राहतात. मग वाकायचं, पुढे यायचं, मागे सरकायचं, सगळ्यांनी एका पावलानं. हात मोकळा करायची सोय नाही. एकीनं पदर सावरायला हात काढला की दहाजणींची रांग लचकते. म्हणून जे काही सुटू शकतं, ते आधीच बांधून घ्यायचं. गुडघ्याच्या वर घट्ट नेसलेलं लुगडं, गळ्याशी आखूड केलेली मण्यांची माळ, आणि हे केस.

थोरलीनं लुगडं स्वतःच नेसलंय. बाप निऱ्यांची गाठ ओढून पाहतो, मान हलवतो. कुंपणावरून बहाव्याचे दोन तुरे तोडून दोघींच्या अंबाड्यात खोचतो.

"जा आता. पाय पाहून नाचजो वं."

मांडवासमोर ढोल लागलाय. तुम्ही बापाशेजारी कुडाला टेकून उभे राहा. अर्धी रांग गाणं उचलते, उरलेली अर्धी तेच परत म्हणते, आणि धूळ घोट्यापर्यंत चढते. बाकीची माणसं पावलं बघतायत. बाप फक्त डोकी बघतोय. थोड्या वेळानं तुम्हीही तेच करू लागता. तिसऱ्या गाण्याला धाकटीचा तुरा पडतो. तिला कळलंय, पण दोन्ही हात गुंतलेले. ती वाकल्या वाकल्या बापाकडे बघते. तो लांबूनच पंजा हलवतो, राहू दे. रांग मागे सरते, पुढे येते, तुऱ्यावरून जाते.

अंबाडा जागचा हललेला नाही. बाप मुंडाशातून विडी काढतो आणि नाच सुरू झाल्यापासून पहिल्यांदा बूड टेकतो.