एक परवाना, दोन यंत्रें

पुस्तक विकत घेणाऱ्या गृहस्थानें तें दिवाणखान्यांत वाचावें कीं माडीवर, हें त्याला कोणी सांगत नाहीं. संगणकाच्या कार्यप्रणालीची गोष्ट निराळी. एका यंत्रासाठीं मोल देऊन घेतलेली प्रणाली घरांतील दुसऱ्या यंत्रावर बसवितां येईलच असें नाहीं. हा निर्बंध कोठून आला हें पाहूं गेल्यास इतिहास फार मागें जात नाहीं.

आरंभीं या वस्तूला वेगळी किंमतच नव्हती. आय.बी.एम. कंपनी यंत्राबरोबरच आज्ञावल्या देई. १९६९ सालीं सरकारनें मक्तेदारीविरुद्ध खटला भरल्यावर तिनें त्याच वर्षीं जूनमध्यें कित्येक आज्ञावल्यांचें मोल वेगळें लावण्याचें जाहीर केलें. कार्यप्रणाली मात्र तेव्हांही यंत्राच्याच पदरीं राहिली.

परवान्याची खरी कथा युनिक्सची. अमेरिकेंतील ए.टी. अँड टी. या टेलिफोन कंपनीला १९५६ च्या न्यायालयीन तडजोडीमुळें संगणकाच्या व्यापारांत उतरतां येत नव्हतें. म्हणून तिच्या बेल प्रयोगशाळेंत १९६९ मध्यें जन्मलेली ही प्रणाली विद्यापीठांना नाममात्र शुल्कांत मिळे. तथापि करारांत यंत्र नेमून दिलेलें असे. सातबाऱ्यावर जमिनीचा तुकडा नोंदावा तसाच हा प्रकार! ऑस्ट्रेलियांतील जॉन लायन्स या अध्यापकांनीं तिच्या सहाव्या आवृत्तीवर विद्यार्थ्यांकरितां सुबोध भाष्य लिहिलें. पुढें १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या परवान्यानें मूळ आज्ञावली वर्गांत शिकविण्यासच मनाई केली. दुसऱ्या यंत्राची बंदी एक वेळ समजूं शकते. शिकविण्याची बंदी कोणत्याही शिक्षकास जाचक वाटावी. भाष्याच्या छायाप्रती हातोहात फिरल्या, आणि ग्रंथरूपानें तें उघडपणें प्रसिद्ध झालें तें १९९६ मध्यें.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. ३ फेब्रुवारी १९७६ रोजीं बिल गेट्स यांनीं हौशी संगणकप्रेमींना अनावृत पत्र लिहिलें. आल्टेअर यंत्राच्या मालकांपैकीं शेंकडा दहांहूनही कमी लोकांनीं त्यांची बेसिक भाषा विकत घेतली, बाकीच्यांनीं नक्कल केली, अशी त्यांची तक्रार होती. बेसिक ही कार्यप्रणाली नव्हे. पण श्रमाचें मोल कोणी द्यावें हा प्रश्न तोच.

२००१ मध्यें विंडोज एक्सपीनें कुलूपच घातलें. यंत्राच्या घटकांवरून एक संख्या सिद्ध होई. ती तीस दिवसांत कंपनीस कळवावी लागे, नाहींतर प्रणाली अडून बसे. ॲपल कंपनीनें २००२ मध्यें सौम्य मार्ग धरला: एका परवान्याचे १२९ डॉलर, तर एकाच घरांतील पांच यंत्रांच्या कौटुंबिक परवान्याचे १९९. एका बिऱ्हाडांत अनेक यंत्रें असणार हें ज्यानें मान्य केलें, त्याचा हिशेब अधिक शहाणपणाचा म्हणावा लागेल.

घेणारा मालक कीं केवळ वापरकर्ता, यावर न्यायालयांचेंही एकमत नाहीं. २०१० मध्यें अमेरिकेच्या एका अपील न्यायालयानें ऑटोडेस्कच्या प्रकरणांत, कडक अटींखालीं घेणारा हा मालक नव्हे, असें ठरविलें. २०१२ मध्यें युरोपच्या न्यायालयानें ओरॅकलच्या प्रकरणांत उलट सांगितलें: कायमची प्रत मोल देऊन घेणाऱ्यास ती दुसऱ्यास विकण्याची मुभा आहे, मात्र विकतांना स्वतःच्या यंत्रावरील प्रत त्यानें निरुपयोगी केली पाहिजे.