दुकानदाराचं डावं-उजवं: व्हीआर स्टोअर आणि पक्षपाताचा संशय

व्हीआर हेडसेटच्या ॲप-स्टोअरबद्दल एक तक्रार दोन्ही बाजूंनी ऐकू येते. उजव्या विचारांच्या लोकांना वाटतं, की सिलिकॉन व्हॅलीतली ही दुकानं आपल्या मतांच्या माणसांना आत येऊ देत नाहीत. डाव्यांना वाटतं, की युद्ध, स्थलांतर, तुरुंग यांवर केलेले अनुभव कुठल्या तरी कोपऱ्यात पडतात आणि गोळ्या झाडण्याचे खेळ मात्र दर्शनी भागात झळकतात. दोघांकडे किस्से भरपूर असतात, पुरावा थोडा. एपिसोडमध्ये या विषयाला जेमतेम दहा मिनिटं मिळाली, म्हणून इथे जरा सविस्तर. यातलं खरं कोण, हे ठरवण्याआधी हा संशय आला कुठून, ते बघायला हवं. त्याला इतिहास आहे, आणि तो फारसा जुनाही नाही.

आधी फोनचं दुकान

संगणकावर कोणीही लिहिलेला प्रोग्राम कुठूनही आणून चालवता येत असे. ॲपलनं २००८ साली आयफोनसाठी ॲप स्टोअर काढलं, तेव्हा ही सवय मोडली. आता प्रत्येक ॲप आधी कंपनीच्या नजरेखालून जाणार होतं. २०१० मध्ये कंपनीनं नियमावली प्रसिद्ध केली. त्यातला एक मुद्दा पुढे बराच गाजला: पुस्तकं आणि गाणी यांच्यासारखं आम्ही ॲपकडे बघत नाही, एखाद्या धर्मावर टीका करायची असेल तर पुस्तक लिहा, अशा अर्थाचा.

त्याच वर्षी व्यंगचित्रकार मार्क फिओरे यांना पुलित्झर पुरस्कार मिळाला. त्यांचं व्यंगचित्रांचं ॲप त्याआधीच नाकारलं गेलं होतं. कारण काय, तर त्यात सार्वजनिक व्यक्तींची टिंगल आहे! राजकीय व्यंगचित्रात दुसरं काय असणार? पुरस्काराची बातमी झाली, बोभाटा झाला आणि ॲप मंजूर झालं. २०११ मध्ये ‘फोन स्टोरी’ हा खेळ स्टोअरमध्ये आला आणि लगेच काढला गेला. स्मार्टफोन कोणाच्या कष्टातून बनतो, हेच त्याचं कथानक होतं. २०१२ मध्ये अमेरिकी ड्रोन हल्ल्यांची नोंद ठेवणारं ॲप पुन्हा पुन्हा परत आलं. २०१६ मध्ये गाझातल्या एका मुलीवरचा ‘लैला अँड द शॅडोज ऑफ वॉर’ हा खेळ ‘खेळ’ या विभागात घ्यायला ॲपलनं आधी नकार दिला. ओरड झाल्यावर निर्णय फिरवला.

उजवीकडेही असंच घडलं. जून २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमधल्या हत्याकांडानंतर कॉन्फेडरेट झेंडा असलेले खेळ स्टोअरमधून काढले गेले. त्यात गेटिसबर्गच्या लढाईवरचा इतिहासाला धरून केलेला खेळही गेला. तो काही दिवसांनी परत आला.

या सगळ्यांत एक साम्य दिसतं. नकाराची भाषा मोघम असते, आणि निर्णय फिरतो तो बहुतेकदा गाजावाजा झाल्यावर. म्हणजे ज्याच्या मागे वर्तमानपत्रं उभी राहतात त्याला न्याय मिळतो. बाकीचे गप्प बसतात आणि मनात ठरवतात, की ‘आपल्याला मुद्दाम अडवलं.’

दुकानाच्या मालकाचं राजकारण

व्हीआरच्या आताच्या लाटेची सुरुवातच एका सामाजिक विषयाशी जोडलेली आहे. जानेवारी २०१२ मध्ये सनडान्स महोत्सवात पत्रकार नॉनी दे ला पेन्या यांनी ‘हंगर इन लॉस एंजेलिस’ दाखवलं. मोफत अन्नवाटपाच्या रांगेत उभा असलेला एक मधुमेही माणूस कोसळतो आणि आपण हेडसेट घालून त्याच रांगेत उभे असतो. तो हेडसेट बनवण्यात एका १९ वर्षांच्या मुलाचा हात होता: पामर लकी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यानं ‘ऑक्युलस रिफ्ट’साठी किकस्टार्टरवर लोकांकडे पैसे मागितले. मागणी अडीच लाख डॉलरची होती, जमले सुमारे २४ लाख. मार्च २०१४ मध्ये फेसबुकनं ही कंपनी सुमारे २ अब्ज डॉलरला घेण्याचा करार जाहीर केला.

मग आली २०१६ ची निवडणूक. सप्टेंबरमध्ये ‘द डेली बीस्ट’नं बातमी दिली, की हिलरी क्लिंटन यांच्या विरोधात फलक लावणाऱ्या ‘निंबल अमेरिका’ या ट्रम्पसमर्थक गटाला लकीनं पैसे दिले आहेत. रक्कम होती १० हजार डॉलर, त्याच्या श्रीमंतीच्या मानानं किरकोळ. पण गहजब झाला. स्क्रूटा गेम्स, पॉलिट्रॉन अशा छोट्या स्टुडिओंनी ऑक्युलससाठी काम करणार नाही किंवा थांबवतो, असं जाहीर केलं. लकीनं माफी मागितली आणि आपलं मत लिबर्टेरियन उमेदवार गॅरी जॉन्सन यांना जाणार असल्याचं सांगितलं. मार्च २०१७ मध्ये तो फेसबुकमधून बाहेर पडला.

यातली गंमत बघा. स्टोअरनं तेव्हा कुठलंही ॲप राजकारणामुळे नाकारलेलं नव्हतं. उलट डेव्हलपरच स्टोअरकडे पाठ फिरवत होते. तरीही व्हीआरचं दुकान आणि मालकाचं राजकारण यांची गाठ लोकांच्या मनात तिथेच बसली. एप्रिल २०१८ मध्ये सिनेटर टेड क्रूझ यांनी सुनावणीत मार्क झुकरबर्ग यांना थेट विचारलं, की लकीला का काढलं? झुकरबर्ग यांनी हा एका कर्मचाऱ्याचा विषय असल्याचं सांगून तपशील टाळला. राजकीय मतांमुळे काढलं नाही, एवढंच म्हणाले. नोव्हेंबरमध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’नं बातमी दिली, की जॉन्सनना जाहीर पाठिंबा देण्यासाठी त्याच्यावर कंपनीतून दबाव आला होता. कंपनीनं इन्कार केला. उजव्यांसाठी निकाल लागला होता: जिथे संस्थापकाचीच ही गत, तिथे आपलं ॲप काय टिकणार?

डावीकडच्या संशयालाही त्याच वर्षी खाद्य मिळालं. फेब्रुवारी २०१८ मध्ये पार्कलँडच्या शाळेत १७ जणांचा जीव गेला. दुसऱ्याच आठवड्यात सीपॅक या उजव्यांच्या मोठ्या संमेलनात फेसबुकच्या दालनात लोक हेडसेट घालून बंदुका चालवत होते. टीका होताच तो खेळ काढला गेला आणि व्हीआर विभागाचे प्रमुख ह्यूगो बारा यांनी चूक कबूल केली. कोणी म्हटलं, हा खेळ तिथे ठेवलाच कसा? कोणी म्हटलं, काढला कशाला? कंपनीनं एकच गोष्ट केली आणि दोन्ही बाजूंना आपापला पुरावा सापडला.

कुलूप कशासाठी होतं?

इतिहास म्हणून बघितलं तर व्हीआर स्टोअरचे खरे मोठे निर्णय राजकीय नव्हतेच, ते धंद्याचे होते. मे २०१६ मध्ये ऑक्युलसनं एका अपडेटमधून असं कुलूप घातलं, की आपल्या स्टोअरमधले खेळ एचटीसी व्हाइव्हसारख्या दुसऱ्या कंपनीच्या हेडसेटवर चालू नयेत. ‘रिव्हाइव्ह’ नावाच्या प्रोग्राममुळे ते चालत होते. ग्राहक चिडले आणि जूनमध्ये कुलूप निघालं.

२०१९ मध्ये ‘क्वेस्ट’ आला. त्याला संगणक लागत नव्हता, आणि म्हणूनच कंपनीच्या स्टोअरशिवाय त्यावर काही घालणं सामान्य माणसाला जमण्यासारखं नव्हतं. कंपनीनं आधीच सांगून टाकलं, की निवडक गोष्टीच घेऊ. डेव्हलपरनं काम फार पुढे जाण्याआधी कल्पनेचा आराखडा पाठवून मंजुरी घ्यावी. त्याच वर्षी ‘व्हर्च्युअल डेस्कटॉप’ या लोकप्रिय ॲपला, संगणकावरचे स्टीमचे व्हीआर खेळ क्वेस्टवर दाखवायची सोय काढायला लावली. स्पर्धकाचं दुकान आपल्या दुकानात नको, हा साधा हिशेब त्यामागे दिसतो. नाकारलेल्यांसाठी बाहेर ‘साइडक्वेस्ट’ नावाचा मागचा दरवाजा तयार झाला. फेब्रुवारी २०२१ मध्ये कंपनीनं स्वतःच ‘ॲप लॅब’ उघडलं. तिथे निकष सैल होते, पण ॲप मुख्य स्टोअरच्या फळीवर दिसायचं नाही. दुवा हवा किंवा नेमकं नाव माहीत हवं. २०२४ मध्ये ॲप लॅब मुख्य स्टोअरमध्ये विलीन झालं.

मधल्या काळात आणखी एक कडी लागली. ऑक्टोबर २०२० पासून नव्या ग्राहकांना फेसबुकचं खातं सक्तीचं झालं. म्हणजे फेसबुकवरच्या वादात खातं बंद झालं, तर विकत घेतलेले खेळही हातचे जाण्याची धास्ती. जर्मनीत विक्री थांबवली गेली आणि तिथल्या स्पर्धा नियामकानं डिसेंबरमध्ये चौकशी सुरू केली. २०२२ मध्ये ही सक्ती गेली, पण तोवर राजकीय पोस्ट आणि हेडसेट यांचा संबंध लोकांना नीट कळला होता. फोन एकाचा, ॲप दुसऱ्याचं, समाजमाध्यम तिसऱ्याचं अशी थोडीतरी फारकत फोनच्या जगात होती. इथे यंत्र, दुकान, खातं आणि चावडी, चारही एकाच मालकाची.

सताड उघडं दार

मग दार सताड उघडं टाकलं तर संशय मिटतो का? स्टीमनं ते करून पाहिलं. एका शाळेतल्या गोळीबारावरच्या खेळावरून वाद झाल्यावर जून २०१८ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीनं जाहीर केलं, की बेकायदा किंवा निव्वळ खोडसाळ सोडून बाकी सगळं घेऊ. पण कोणता खेळ खोडसाळ, हे ठरवणार कोण? तेही व्हॉल्व्हच. शिवाय भांडण दारातून उठून आत ओट्यावर आलं. जुलै २०२१ मध्ये ‘सुपरहॉट व्हीआर’च्या निर्मात्यांनी स्वतःहून खेळातली आत्महानीची दृश्यं काढली, तर नाराजांनी स्टीमवर वाईट अभिप्रायांचा पाऊस पाडला. स्टोअरनं काहीच केलं नव्हतं, तरी लढाईचं मैदान तेच झालं.

मराठी वाचकाला इथे नाटकांची आठवण होईल. महाराष्ट्रात नाटकाची संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते, आणि या व्यवस्थेवर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लोक वैतागलेले आहेत. तरी त्या मंडळाचं नाव माहीत असतं आणि त्याच्या आदेशाविरुद्ध न्यायालयात जाता येतं. १९७२ मध्ये ‘सखाराम बाइंडर’साठी कमलाकर सारंग मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. सरकारी सेन्सॉर चांगला, असं अजिबात म्हणायचं नाही. पण सारंगांना भांडायला समोर कोणीतरी होतं. स्टोअरच्या नकारात बहुतेक वेळा एक ठरावीक मजकूर येतो: तुमचं ॲप आमच्या अपेक्षांत बसत नाही. कोणाच्या अपेक्षा? कुठल्या? अपील कुठे?

संशयाचं मूळ आम्हाला इथे दिसतं. कारण न सांगता दिलेला नकार कोणत्याही साच्यात बसतो. धंद्याचा असेल तरी राजकीय वाटतो; आणि खरोखर राजकीय असेल, तर धंद्याच्या नावाखाली सहज लपतो. दुसरी शक्यता जास्त गंभीर आहे. धंद्यासाठी घातलेलं कुलूप उद्या राजकारणासाठी वापरायला नवीन चावी लागत नाही.

वारं फिरल्यावर

ते वारं फिरलंही. जानेवारी २०२५ मध्ये मेटानं अमेरिकेतली बाहेरच्या संस्थांकडून होणारी तथ्यतपासणी बंद करण्याचं जाहीर केलं. मे महिन्यात लकीची संरक्षण कंपनी अँड्युरिल आणि मेटा यांनी सैनिकांसाठी हेडसेट एकत्र बनवण्याची घोषणा केली. ज्या घरातून तो बाहेर पडला, त्याच घराशी आता भागीदारी. ऑक्टोबरमध्ये सरकारच्या मागणीनंतर ॲपलनं ‘आइसब्लॉक’ हे ॲप काढलं. स्थलांतरितांना पकडणारे अधिकारी कुठे दिसले, ते त्यावर कळवता येत असे. २०१६ ते २०२१ या काळात उजवे जी तक्रार करत होते, जवळपास तीच तक्रार आता डावे करतात. तेव्हा ‘खाजगी कंपनी आहे, तिची मर्जी’ म्हणणारे आज गप्प आहेत, आणि तेव्हा अभिव्यक्तीस्वातंत्र्यासाठी ओरडणारेही.

युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्यानं एक साधी अट घातली आहे: मजकूर काढला किंवा मागे ढकलला तर त्याचं स्पष्ट कारण संबंधिताला द्यायचं आणि तक्रारीची वाट ठेवायची. फेब्रुवारी २०२४ पासून हे सर्वसाधारणपणे सगळ्या प्लॅटफॉर्मना लागू आहे. यानं पक्षपात संपणार नाही. पण लेखी कारणं साठत गेली, की दहा वर्षांनी कोणी संशोधक बसून मोजू तरी शकेल, की डावं-उजवं खरंच झालं का, किती आणि कोणाच्या बाबतीत. आज आमच्याकडे मोजायला किस्सेच आहेत. आणि किस्से ज्याला जे सिद्ध करायचं असतं, ते सिद्ध करून देतात.