एक भूकंप, दोन कथा

मुंबई-पुण्यात जपानी सुशीची आता नवलाई राहिलेली नाही. तिचाच एक सुटसुटीत प्रकार म्हणजे ‘तेमाकी’. ‘ते’ म्हणजे हात आणि ‘माकी’ म्हणजे गुंडाळी. लांबट ओट्यापुढे गिऱ्हाईक बसते. पलीकडचा कारागीर नोरी नावाच्या समुद्रशेवाळाच्या कुरकुरीत पापुद्र्यावर शिरका घातलेला कोमट भात आणि माशाचा तुकडा ठेवतो, गुंडाळतो आणि थेट हातात देतो. घास समोर ठेवून गप्पा मारायची सोय नाही. भाताच्या ओलाव्याने पापुद्रा लगेच चिवट होतो. पाणीपुरीवाल्यापुढे उभे राहिलेल्यांना हा शिष्टाचार वेगळा शिकवायला नको!

या घासाचा अजिंठ्याशी काय संबंध, असे आपण म्हणाल. संबंध आहे, आणि तो दोन ठिकाणी आहे.

पाचव्या शतकात वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळात अजिंठ्याची लेणी रंगली. पुढच्याच शतकात बौद्ध धर्म कोरियामार्गे जपानच्या दरबारात पोचला. इ.स. ६७५ मध्ये तेम्मू सम्राटाने गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचे मांस खाण्यावर वर्षातले काही महिने बंदी घातली. त्यामागे शेतीच्या जनावरांची काळजीही असावी. पण बौद्ध अहिंसेचा धागा होताच. अशा बंद्या पुढेही येत राहिल्या. मासा मात्र सुटला आणि भाताशेजारी कायमचा बसला.

जुनी सुशी म्हणजे मासा टिकवण्याची युक्ती. खारवलेला मासा शिजवलेल्या भातात महिनोन्‌महिने दाबून आंबवायचा. मग मासा खायचा आणि भात टाकून द्यायचा. (कोकणातल्या माणसाला हे ऐकूनच वाईट वाटेल.) पुढे भातात शिरका घालायची चाल पडली आणि महिन्यांचे काम तासांवर आले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, हाताने वळलेली ताजी सुशी रस्त्यावरच्या गाड्यांवर मिळू लागली. हानाया योहेई यांचे नाव तिच्याशी जोडले जाते. लोक उभ्या उभ्या हाताने खात आणि कामाला लागत. घास आजच्यापेक्षा बराच मोठा असे.

आता दुसरा संबंध. रवींद्रनाथ ठाकुरांच्या निमंत्रणावरून १९१६ मध्ये आराई काम्पो हे जपानी चित्रकार कोलकात्याला आले. १९१७-१८ च्या सुमारास ते आणि त्यांचे सहकारी अजिंठ्याला राहून भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करत होते. पुढे सारनाथच्या विहारात बुद्धचरित्र रंगवणारे नोसू कोसेत्सू त्यांच्यात होते. अजिंठ्याच्या प्रतिकृतींचे नशीब आधीच खडतर होते. मेजर गिल यांची चित्रे १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेली; ग्रिफिथ्स यांच्या चित्रांपैकी बरीच १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाली. जपानी प्रतिकृती टोकियोच्या विद्यापीठात ठेवल्या होत्या. १ सप्टेंबर १९२३ रोजी, दुपारचे बारा वाजायला दोन मिनिटे असताना, महाभूकंप झाला. घरोघरी चुली पेटलेल्या होत्या. शहराने पेट घेतला आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या लाखो ग्रंथांबरोबर अजिंठाही जळाला. मूळ चित्रांचे पोपडे गळत असताना अशी एकेक प्रतिकृती म्हणजे पुरावा असतो. तो तिसऱ्यांदा गेला.

त्याच आगीत सुशीची दुकाने आणि गाड्याही बेचिराख झाल्या. पोट हातावर असलेले कारागीर आपापल्या गावी परतले आणि तिथे तोच धंदा करू लागले. तोवर मुख्यतः टोकियोची असलेली हाताने वळायची सुशी अशी जपानभर पसरली. चित्र जळाले ते जळालेच. सुशीवाल्याची विद्या त्याच्या बोटांत होती.

राहता राहिली नोरी. हे शेवाळ समुद्रात उगवते कसे, हे कोळ्यांनाही ठाऊक नव्हते. एखाद्या वर्षी पीकच येत नसे. कॅथलीन ड्र्यू या इंग्रज शास्त्रज्ञ बाईंनी १९४९ मध्ये शोधले, की ते उन्हाळ्यात शिंपल्यांच्या आत सूक्ष्म रूपात दडून राहते. त्यावरून जपान्यांनी नोरीची पद्धतशीर शेती उभारली. ड्र्यूबाईंनी जपान कधी पाहिला नाही; पण तिथल्या उतो गावी त्यांचे स्मारक आहे आणि दरवर्षी एप्रिलमध्ये नोरीचे शेतकरी तिथे जमतात.