अंत्यस्थळवाचक मराठी शब्द

अंत्यस्थळवाचक मराठी शब्द : मृतदेहाचे दहन वा दफन जेथे होते किंवा मृताचे अवशेष जेथे जतन केले जातात, अशा स्थळांना मराठीत स्मशान, मसणवटा, थडगे, कबर, दर्गा, समाधी इ. नावे आहेत. ती परस्परांचे पर्याय नव्हेत. मृताचा धर्म, वय व समाजातील स्थान यांनुसार नाव बदलते. त्यामुळे या शब्दांचा इतिहास हा समाजाने मृताला दिलेल्या जागेचाही इतिहास ठरतो. हिंगोली जिल्ह्यातील (१९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यात समाविष्ट) जवळा बाजार, औंढा नागनाथ व नरसी हा परिसर या दृष्टीने उद्‌बोधक आहे. संस्कृत-प्राकृत वारसा, लिंगायत व वारकरी पंथ आणि १९४८ पर्यंतचे हैदराबाद संस्थान या सर्वांचे संस्कार मराठवाड्याच्या बोलीवर झालेले आहेत.

महाराष्ट्रातील दफनाची प्रथा या सर्व शब्दांहून प्राचीन आहे. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे १९६८–८३ या काळात झालेल्या उत्खननात जोर्वे संस्कृतीची (इ. स. पू. सु. १४००–७००) दफने आढळली. बालकांचे मृतदेह दोन कुंभांची तोंडे जोडून त्यांत ठेवीत व ते घराच्या जमिनीखाली पुरीत. विदर्भात जुनापाणी, माहूरझरी, नायकुंड इ. ठिकाणी लोहयुगीन शिलावर्तुळांखाली दफने सापडली आहेत. या लोकांची भाषा अज्ञात असल्याने त्या स्थळांची मूळ नावे मात्र लुप्त झाली.

‘स्मशान’ हा शब्द आज मुख्यतः दहनभूमीचा वाचक असला, तरी शतपथ ब्राह्मणात तो मृताच्या अस्थींवर रचलेल्या उंचवट्यास योजिलेला आहे. देवपक्षीय लोक तो चौकोनी, तर असुरपक्षीय व पूर्वेकडील लोक वर्तुळाकार करतात, असे तेथे म्हटले आहे. यास्काने या शब्दाची फोड ‘शरीर जेथे शयन करते ते स्थान’ अशी केली. प्राकृत ‘मसाण’वरून मराठीत ‘मसण’ व त्यावरून ‘मसणवटा’ हे शब्द आले. दहनप्रधान हिंदू समाजातही दफन सर्वस्वी वर्ज्य नव्हते. दोन वर्षांखालील बालकास पुरावे, असे मनुस्मृती सांगते. संन्याशांना व लिंगायतांना पुरण्याची प्रथा असून लिंगायतांत मृतास सामान्यतः बसलेल्या स्थितीत पुरतात.

‘समाधी’ हे मुळात योगाच्या आठव्या अंगाचे नाव. योगी मरत नाही, तर चिरध्यानात लीन होतो, या श्रद्धेतून ते स्थळवाचक बनले. ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये आळंदी येथे संजीवन समाधी घेतली. या प्रसंगावरील नामदेवांच्या (१२७०–१३५०) नावाचे अभंग वारकरी संप्रदायात सर्वश्रुत आहेत. नामदेवांचे जन्मस्थान हिंगोलीजवळील नरसी होय, अशी परंपरा आहे. मंगळवेढे येथे गावकुसाचे बांधकाम कोसळून १३३८ मध्ये चोखामेळा मरण पावले, तेव्हा नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरास आणून विठ्ठलमंदिराच्या महाद्वारासमोर समाधी बांधली, असेही परंपरा सांगते. अस्पृश्य मानलेल्या या संतास हयातीत मंदिरात प्रवेश नव्हता. मरणोत्तर त्यांना ‘समाधी’ हा गौरवाचा शब्द लाभला, तरी जागा मात्र उंबरठ्याबाहेरचीच मिळाली. मंदिराचे दार अस्पृश्यांना उघडले ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर, १९४७ मध्ये. पुढे दहनस्थळी उभारलेल्या स्मारकासही समाधी म्हणू लागले. रायगडावरील शिवछत्रपतींची (मृत्यू १६८०) समाधी हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय.

मुसलमानी राजवटीत अरबी व फार्सी शब्द मराठीत रूढ झाले. ‘कबर’ व ‘मकबरा’ हे एकाच अरबी धातूपासून झालेले असून ‘कब्रस्तान’मधील उत्तरपद फार्सी आहे. ‘दर्गा’ म्हणजे मूळ अर्थाने उंबरठा किंवा दरबार, ‘मजार’ म्हणजे दर्शनास जाण्याचे ठिकाण आणि ‘रौजा’ म्हणजे उद्यान. खुलदाबादचे जुने नाव रौजा असेच होते. तेथे शेख झैनुद्दीन यांच्या दर्ग्याच्या आवारात औरंगजेबाची (मृत्यू १७०७) साधी, छतविरहित कबर आहे. बादशहाच्या जागेस ‘कबर’ व सुफी संताच्या जागेस ‘दर्गा’ म्हणतात, हा भेद लक्षणीय आहे. समाधीप्रमाणेच दर्ग्याचे नावही सत्तेवरून नव्हे, तर लोकांच्या श्रद्धेवरून पडते. ‘थडगे’ हा शब्द मात्र भक्तिभावापासून अलिप्त राहिला. ‘दफनभूमी’ या आधुनिक शब्दात अरबी ‘दफन’ व संस्कृत ‘भूमी’ यांचा संयोग झालेला आहे.

या सर्व भेदांखाली एक समान शब्द आढळतो, तो म्हणजे ‘माती’. मराठवाड्याच्या ग्रामीण बोलीत अंत्यविधीस जाणे म्हणजे ‘मातीला जाणे’ होय. मग मृताचे दहन होवो वा दफन. पुरताना प्रत्येकाने मूठभर माती लोटण्याच्या प्रथेवरून ‘मूठमाती देणे’ हा वाक्प्रचार आला व पुढे एखाद्या गोष्टीचा कायमचा त्याग करणे, असा त्याचा लाक्षणिक अर्थ झाला. स्थळांची नावे माणसामाणसांतील अंतर नोंदवितात. हा शब्द मात्र ते अंतर मानीत नाही.