धरणावर उतरलेले समुद्री विमान

1938 साली इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाकडे निघालेले इम्पीरियल एअरवेजचे 'एम्पायर' विमान कराची सोडले की मुंबईकडे फिरकत नसे. चार इंजिने, नौकेसारखा तळ आणि आत फार तर 24 उतारू असलेले हे विमान थेट मेवाडात, राजसमंद तलावावर उतरायचे. सतराव्या शतकात महाराणा राजसिंहाने बांधलेल्या, संगमरवरी पायऱ्यांच्या त्या तलावाला दुष्काळाची पार्श्वभूमी होती. तिथे पाणी साठवणाऱ्यांच्या स्वप्नातही विमान आले नसेल. पुढे ग्वाल्हेरजवळचा तलाव, अलाहाबादला यमुना आणि कलकत्त्याला हुगळी. मालेगावसारख्या, समुद्र दोन-अडीचशे किलोमीटर दूर असलेल्या गावाने या विमानाच्या इतिहासात लक्ष घालावे ते यासाठीच. आपल्याकडे पाण्यावरचे प्रवासी विमान किनाऱ्याचे झालेच नाही. अडवलेल्या नाहीतर आडोशाच्या पाण्यावरच ते नांदले.

यावर पहिला आक्षेप कोकणातून येईल. दाभोळ, जयगड, विजयदुर्ग अशा खाड्या असताना आडोशाचे पाणी कमी होते काय? नव्हते, पण नुसता आडोसा पुरत नाही. अशा विमानाला किलोमीटरभराहून अधिक मोकळे, पुरेसे खोल पाणी लागते. लाट दोन-तीन फुटांवर गेली की तळाला धोका, आणि पाणी आरशासारखे निश्चल असले तरी पंचाईत, कारण मग तळ पाण्याला चिकटून राहतो आणि विमान सुटता सुटत नाही. उतरण्याआधी लाँच फिरवून वाहते ओंडके, होड्या बाजूला कराव्या लागत. कोकणच्या खाड्यांच्या तोंडाशी वाळूचे दांडे, ओहोटीला उघडे पडणारे. आगबोटीसुद्धा कित्येक बंदरांत बाहेरच उभ्या राहत आणि उतारू पडावातून किनाऱ्याला लागत. पावसाळ्यात तर दूरच्या बंदरांची बोट बंदच. जवळच्या रेवसला निघालेली 'रामदास' 17 जुलै 1947 रोजी बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्या हंगामात हा समुद्र काय असतो, हे वेगळे सांगायला नको. शिवाय बोटीच्या डेकवर बोचके उशाशी घेऊन झोपणाऱ्या गिरणी कामगाराला विमानाचे तिकीट परवडणार होते थोडेच!

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. इम्पीरियलला कराचीहून कलकत्त्याला जायचे होते, ती वाट उत्तर हिंदुस्थानातूनच जाते. मग तलाव निवडले यात नवल काय, तो भूगोलाचा योगायोग. हे अर्धे खरे आहे. पण किनाऱ्याची वाट ज्यांनी आपखुशीने धरली त्यांनी काय केले ते पाहावे. 1935 मध्ये टाटांनी मुंबई-गोवा-कण्णूर-त्रिवेंद्रम अशी सेवा सुरू केली. सबंध वाट समुद्राला लागून, तरी विमाने चाकांचीच. जुहूचे मैदान पावसाळ्यात चिखलात जायचे, तेव्हा टाटांनी बिऱ्हाड पुण्याला हलवले. समोरच्या समुद्रावर नाही नेले. नॉर्वेत त्याच वर्षी नेमके उलटे घडले. तिथे तरंडे लावलेली युंकर्स विमाने किनाऱ्याच्या गावांना जोडू लागली, कारण डोंगर थेट पाण्यात उतरलेले, सपाट जमीन दुर्मीळ आणि फ्योर्ड खोल. धोका तिथेही होताच. 1936 मध्ये त्यांतले 'हावर्न' डोंगरावर आदळले. आपल्याकडे मात्र मैदान करायला जमीन होती. मग दुसऱ्या महायुद्धाने जगभर पक्क्या धावपट्ट्या करून ठेवल्या आणि 1950 मध्ये ब्रिटिशांच्या सरकारी कंपनीनेही उडत्या नौका आवरत्या घेतल्या.

नंतरचे प्रयोग पाहिले तरी तेच दिसते. ऑगस्ट 2014 मध्ये महाराष्ट्रात सुरू झालेली सेवा जुहूहून पवना धरणाकडे होती, आणि गंमत म्हणजे समुद्राकाठच्या मुंबईत विमान धावपट्टीवरून उडायचे व पाण्याला टेकायचे ते मावळात. 31 ऑक्टोबर 2020 ला गुजरातेत सुरू झालेली सेवा बंधाऱ्याने तुंबवलेल्या साबरमतीवरून सरदार सरोवराजवळच्या तळ्यावर जात असे. दोन्ही फार टिकल्या नाहीत. तोटा, परवाने, देखभाल ही कारणे आहेतच, पण धरणाच्या पाण्याचा स्वभावही विसरू नये. मालेगावच्या खाली नांदगाव तालुक्यात 1969 पासून उभे असलेले गिरणा धरणच घ्या. वर चणकापूर, हरणबारी, केळझर, पुनद ही धरणे पाणी अडवून बसलेली, त्यामुळे ते भरते कधीमधी. भरले तरी मालेगावपासून जळगाव जिल्ह्यापर्यंत पिण्याचे पाणी आणि शेतीची आवर्तने ठरलेली. विमानाला पातळी टिकलेली हवी, तर कालव्याखालच्या शेतकऱ्याला पाणी सुटलेले हवे; आणि वैशाखात उघडा पडलेला गाळ पाहिला की यात कोणाचा हक्क आधी, हा प्रश्न या भागात कोणी विचारतही नाही.