होडीवरचं प्लास्टिक तडकलं तर: काय जोडायचं, काय बदलायचं

इंदापूर : उन्हाळ्यात उजनीचं पाणी मागं सरकलं, की कळाशी, कुंभारगाव, डाळज, पळसदेवच्या काठाला होड्या उपड्या घालून ठेवलेल्या दिसतात. डागडुजीचे हेच दिवस. कुणी पत्र्याला रंग लावतंय, कुणी इंजिन उघडून बसलंय. याच वेळी लक्षात येतं की होडीवरचं प्लास्टिक कुठं ना कुठं तडकलंय. इंजिनाचं टोपण, बॅटरीचा डबा, खुर्ची, पेट्रोलची टाकी, नाहीतर स्टेअरिंग आणि बटणं ज्यावर बसवलेली असतात तो उभा डबा. या डब्याला कन्सोल म्हणतात. मग एमसील येतं, फेव्हिक्विक येतं, आणि आठ दिवसांनी चीर पुन्हा तिथंच उघडते.

यात दोष बहुतेक वेळा त्या गमाचा नसतो. दोन गोष्टी राहून गेलेल्या असतात. हे प्लास्टिक कुठल्या जातीचं ते कुणी बघितलेलं नसतं, आणि चीर मुळात का पडली ते कुणी विचारलेलं नसतं.

चीर पडते ती भोकापाशीच

तडकलेला भाग हातात घेऊन नीट बघा. दहातल्या बहुतेक चिरा स्क्रूच्या नाहीतर बोल्टच्या भोकातून निघालेल्या दिसतील. त्याला कारण आहे.

बाहेरच्या देशांत मासेमारीच्या छोट्या बोटी अ‍ॅल्युमिनियमच्या आणि त्यावरचा कन्सोल प्लास्टिकचा, ही जोडी सर्रास चालते. आपल्याकडे लोखंडी पत्रा आणि फायबर जास्त. अ‍ॅल्युमिनियमची होडी हलकी आणि लोखंडासारखी गंजत नाही, पण किंमत बघून माणूस मागं फिरतो. होडी कसलीही असो, धातूवर प्लास्टिक कसून आवळलं की भांडण सुरू होतं. पहाटे २० अंशांवर असलेलं प्लास्टिक दुपारच्या उन्हात ६० अंशांपर्यंत तापतं. ४० अंशांच्या या फरकात एक मीटर लांबीचं लोखंड वाढतं अर्धा मिलिमीटर, अ‍ॅल्युमिनियम जेमतेम एक मिलिमीटर. एबीएस जातीचं प्लास्टिक वाढतं तीन ते चार मिलिमीटर आणि पॉलिथिन पाच ते आठ. प्लास्टिकला पसरायचं असतं, स्क्रू त्याला पसरू देत नाही. रोज दुपारी ताण, रोज रात्री ढील. वर्षा-दोन वर्षांत भोकाची कड फाटते.

त्यात इंजिनाचा थरथराट आला. त्यात कन्सोलला धरून होडीत चढायची आपली सवय आली. धरण वजा टक्क्यांत गेलं की बाभळीची खोडं, जुन्या वस्त्यांचे दगड वर येतात, त्यावर होडी आपटली की धक्का थेट याच भोकांना बसतो.

म्हणून दुरुस्तीची सुरुवात भोकापासून करा. पाच मिलिमीटरच्या बोल्टला प्लास्टिकमध्ये आठ मिलिमीटरचं भोक पाहिजे. वर रुंद वॉशर, खाली रबराचा तुकडा. बोल्ट आवळून झाला की पाव फेरा परत ढिला करायचा. ढिला राहिलेला नट थरथराटानं निघू नये म्हणून आत नायलॉनची कडी असलेला लॉकनट घ्यायचा. एवढं केलं नाही तर कितीही चांगलं जोडा, चीर शेजारून निघणार.

कुठलं प्लास्टिक आहे ते ओळखा

शेतकऱ्याला हे सांगायला फार वेळ लागत नाही. उजनीवरून पाणी उचलायला पाइपलाइन टाकताना आपण काय करतो? पीव्हीसी पाइपाला सोल्युशन लावून जोडतो. काळ्या एचडीपीई पाइपाला सोल्युशन चालत नाही, तिथं तवा तापवून दोन्ही तोंडं वितळवून एकमेकांवर दाबावी लागतात. होडीवरच्या प्लास्टिकचंही तेच. काही जातींना गम धरतो. काही जातींना तापवल्याशिवाय इलाज नाही.

आधी भाग उलटा करून आतल्या बाजूला शिक्का शोधा. बाणांच्या त्रिकोणात २ असेल तर एचडीपीई, ४ असेल तर त्याचंच मऊ भावंड एलडीपीई, ५ असेल तर पॉलिप्रॉपिलिन. एबीएसचं नाव बहुधा इंग्रजी अक्षरांतच कोरलेलं असतं. शिक्का नसेल तर कडेचा नखाएवढा तुकडा कापून बादलीत टाका. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलिन पाण्यावर तरंगतात. एबीएस आणि फायबर बुडतात.

बुडालेल्या तुकड्याला कापसानं अ‍ॅसिटोन लावा. मिनिटभरात चिकट झाला तर एबीएस समजा. काही फरक पडला नाही आणि तुटलेल्या कडेला काचेचे बारीक तंतू दिसले, तर ते फायबर. तुकडा जाळून बघायची रीतही आहे. पॉलिथिन मेणबत्तीसारख्या वासानं जळतं आणि थेंब गळतात, एबीएस काळा धूर आणि काजळी सोडतं. पण ही परीक्षा होडीपासून आणि पेट्रोलपासून लांब, चिमट्यात धरून. धूर नाकात घेऊ नका.

तरंगणारं प्लास्टिक: इथं गम विसरा

पाण्याची काळी टाकी, फळांचे क्रेट, जाड गुळगुळीत कन्सोल, बहुतेक बॅटरीचे डबे आणि इंधनाच्या टाक्या पॉलिथिनच्या नाहीतर पॉलिप्रॉपिलिनच्या. यांच्या अंगाला नेहमीचा कुठलाच गम धरत नाही. एमसील त्यावर कडक होतं, पण अंगाला लागत नाही. नख घातलं की खपली निघावी तसं निघतं.

इथं प्लास्टिक वेल्डिंगच लागतं. गाड्यांचे बंपर जोडणारे गॅरेजवाले हे काम करतात, कारण बंपर बहुधा पॉलिप्रॉपिलिनच्या मिश्रणाचा असतो. बारामतीला कामाला गेलात तर भाग काढून सोबत न्या. मात्र तुमचा भाग पॉलिथिनचा आहे हे सांगा. पॉलिथिनला पॉलिथिनचीच कांडी लागते, बंपरची कांडी त्यावर टिकत नाही.

स्वतः करायचं असेल तर आधी चिरेच्या दोन्ही टोकांना तीन-चार मिलिमीटरचं गोल भोक पाडा. चीर गोल भोकापाशी थांबते, पुढं पळत नाही. ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात विसरली जाणारी पायरी. मग चिरेच्या कडा इंग्रजी व्ही अक्षरासारख्या तासा. हीट गन नाहीतर चपट्या टोकाच्या सोल्डरिंग आयर्ननं दोन्ही कडा आणि कांडी एकाच वेळी मऊ करत भरत जा. नुसती कांडी वितळवून वर ओतली तर ती चिकटत नाही, कडाही वितळलेल्याच पाहिजेत. आतल्या बाजूनं स्टीलची बारीक जाळी तापवून प्लास्टिकमध्ये बुडवली की जोड दणकट होतो. पहिला हात तुटक्या क्रेटवर मारून बघा, क्रेट बहुधा एचडीपीईच असतो आणि वाया गेला तरी दुःख नाही.

एक अट आहे. नख घासल्यावर पांढरी भुकटी निघत असेल तर ते प्लास्टिक उन्हानं मेलेलं आहे. ते जोडू नका, शेजारी तडकेल. ठिबकच्या नळ्या काळ्या का असतात? त्यातली काजळी ऊन अडवते. पांढऱ्या-निळ्या भागांना कारखान्यात वेगळं संरक्षण घातलेलं असतं, ते कालांतरानं संपतं.

एबीएस: इथं गम चालतो

इंजिनाची काही टोपणं, मीटरभोवतीची चौकट, काही कन्सोल या जातीचे. त्याच भागाच्या आतल्या, न दिसणाऱ्या कडेचा थोडा किस काढा, काचेच्या बरणीत अ‍ॅसिटोनमध्ये रात्रभर भिजत घाला. सकाळी दाट लुगदी होते. चिरेच्या टोकांना भोकं पाडून, आतून घासून, ही लुगदी भरा आणि वरून काचेच्या कापडाची पट्टी त्याच लुगदीत भिजवून लावा. चोवीस तास हलवू नका. दोन भागांचा इपॉक्सी गमही एबीएसवर धरतो, फक्त आधी खरखरीत पॉलिश पेपरनं घासायला पाहिजे. फेव्हिक्विकसारखा गम कडक आणि ठिसूळ होतो, थरथराटात टिकत नाही. अ‍ॅसिटोन पेट्रोलसारखंच पेटतं, विडी-सिगारेट लांब.

समोरची पारदर्शक काच पॉलिकार्बोनेटची असेल तर तिला अ‍ॅसिटोन, थिनर, पेट्रोल यातलं काहीच लावू नका. पुसायलासुद्धा नको. जागच्या जागी बारीक चिरा पडतात.

फायबरची होडी आणि फायबरचा डबा

वरच्या रंगाच्या थरावर कोळ्याच्या जाळीसारख्या बारीक रेषा असतील तर घाबरू नका. नाण्यानं ठोकून बघा. आजूबाजूसारखाच टणक आवाज आला तर चीर वरच्या थरापुरती. बद्द आवाज आला तर आतले थर सुटलेत आणि तेवढा भाग खरवडून काढावा लागेल.

फायबरचं काम करणारे आपल्या भागात आहेत, पण बरेचजण स्वतः करतात म्हणून सांगतो. फायबर पूर्ण वाळलेलं पाहिजे. पाण्यातून काढून दुसऱ्या दिवशी लावलेला पॅच सुटतो, चांगले काही दिवस उन्हात ठेवा. चिरेच्या दोन्ही बाजूंना उतार घासायचा, जाडीच्या साधारण बारा पट. पाच मिलिमीटर जाडीला सहा सेंटिमीटर. मग मॅटचे तुकडे, लहानावर मोठा असे, रेझिनमध्ये भिजवून हवा दाबून काढत बसवायचे. एक किलो रेझिनला हार्डनर १० ते २० मिली. मे महिन्यात १० कडेच राहा आणि थोडं थोडंच कालवा, नाहीतर डब्यातच दगड होतो.

आता नीट वाचा. रेझिनसोबत कोबाल्टची बाटली वेगळी मिळाली असेल, तर कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत. भडका उडतो, स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, त्यानंतरच हार्डनर. दोन्ही बाटल्या एका पिशवीत, शेजारी शेजारी ठेवायच्या नाहीत. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, म्हणून चष्मा घाला. पोरं आजूबाजूला नकोत.

जे जोडायचं नाही

पेट्रोलची टाकी. रिकामी केली, धुतली, वाळवली, तरी तिच्यात वाफ राहते. तिला हीट गन लावणं म्हणजे बॉम्बला काडी लावणं. टाकी बदला. दुसरं, स्टेअरिंग ज्या भिंतीवर बसलंय ती भिंत. इथं नुसती चीर भरून भागत नाही. आतून दोन मिलिमीटरची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, चिरेच्या चारी बाजूंना पाच सेंटिमीटर पुढं जाईल एवढी, बोल्टनं बसवायची, आणि स्टेअरिंगचा भार त्या पट्टीवर द्यायचा. भिंत हातानं दाबल्यावर आत जात असेल तर कन्सोलच बदला. तिसरं, इंजिन बंद करायची दोरी ज्या बटणाला अडकते ते बटण. चिरेतून पाणी आत गेलं असेल तर बटण आणि वायरी नव्या घ्या. काम सुरू करायच्या आधी बॅटरीची तार काढायची, हे वेगळं सांगायला नको.

एवढं कडक का सांगतोय? २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून कळाशीकडे येणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली. सात जणांतला एक पोहत काठाला लागला. सहा जण गेले, त्यात दोन लहान मुलं होती. तिथं कारण वारा होता, प्लास्टिक नव्हे. पण तसाच वारा मधल्या पाण्यात गाठेल तेव्हा होडीचं तोंड लाटेकडे धरून ठेवायला स्टेअरिंग लागतं, इंजिन चालू राहावं लागतं. त्याच क्षणी जोर लावल्यावर स्टेअरिंग भिंतीसकट हातात आलं तर पुढं काही करता येत नाही. भिगवण-कुंभारगावला हिवाळ्यात फ्लेमिंगो बघायला येणारी माणसं आपल्या होडीत बसतात. त्यांना पोहता येतं का, हे आपण विचारतही नाही. जोड कितीही पक्का असला तरी लाईफ जॅकेट होडीत बसताना अंगावर पाहिजे. फळीखाली ठेवलेल्या जॅकेटचा उपयोग नाही.

यंत्रावर चालणाऱ्या होडीची तपासणी आणि नोंदणी २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात आहे. तपासणीला जाताना जोड रंगाखाली लपवू नका. उघडा ठेवलेला जोड तुम्हालाही रोज दिसतो आणि पुन्हा चीर धरली तर लगेच कळते.

दुरुस्ती झाली की पहिली फेरी काठाकाठानं मारा, जाळं आणि माणसं न घेता. स्टेअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत जोरात वळवून बघा, इंजिन अर्ध्या वेगावर पाच मिनिटं चालवा, दोरी ओढून इंजिन बंद होतंय का पाहा. परत येऊन चिरेच्या टोकाच्या भोकांवर बोट फिरवा. भोकाच्या पुढं केसाएवढी रेषा लागली तर काम परत उघडा. होडी काठाला लागली की कन्सोलवर आणि इंजिनावर जुनं पोतं किंवा ताडपत्री टाकत जा.