बिअरनिर्मितीतील पाण्याचा हिशेब

बिअरनिर्मितीतील पाण्याचा हिशेब म्हणजे ठरावीक मापाची बिअर मिळण्यासाठी सुरुवातीला किती पाणी घ्यावे लागेल, याचे गणित होय. सातूला मोड आणून ते वाळवले की माल्ट तयार होतो. भरडलेला माल्ट गरम पाण्यात भिजवून त्यातील पिष्टाची साखर करतात. या गोड द्रवाला वर्ट म्हणतात. वर्ट हॉप्ससह उकळून, थंड करून त्यात यीस्ट घातले की किण्वन सुरू होते. तयार अर्क न वापरता थेट धान्यापासून बिअर करणाऱ्या हौशी लोकांना हे गणित प्रत्येक वेळी करावे लागते, कारण प्रत्येक टप्प्यावर थोडे पाणी कमी होते आणि ते मागाहून भरून काढणे नेहमी शक्य नसते.

पाणी कोठे जाते

सर्वांत मोठा वाटा धान्याचा असतो. एक किलो माल्ट सुमारे १ लिटर पाणी धरून ठेवतो. चोथा कापडी पिशवीत बांधून पिळला तर हे प्रमाण घटते. भिजवण्याच्या भांड्यातील तोटीखाली थोडे पाणी अडकते. उकळताना वाफ जाते, थंड होताना द्रवाचे आकारमान सुमारे ४ टक्के आकसते आणि भांड्याच्या तळाशी हॉप्स व प्रथिनांचा गाळ उरतो.

यांपैकी वाफेचा अंदाज सर्वाधिक चुकतो. अनेक पुस्तकांत बाष्पीभवन टक्क्यांत दिलेले असते. ती सवय दिशाभूल करणारी आहे. वाफ किती जाईल हे मुख्यतः शेगडीची आच आणि भांड्याचे तोंड यांवर ठरते, आतील द्रवाच्या प्रमाणावर नव्हे. त्याच भांड्यात, त्याच आचेवर २० लिटर असो वा ३० लिटर, तासाला जाणारी वाफ जवळपास तेवढीच राहते. म्हणून साधे पाणी तासभर उकळून, आधी व नंतर मोजून आपल्या भांड्याचा आकडा एकदा काढून ठेवणे अधिक भरवशाचे असते. मोजण्यासाठी घरातील हंडा किंवा कळशी गृहीत धरू नये, कारण त्यांचे माप घरोघरी वेगळे असते. लिटरच्या मापाने पाणी ओतत लाकडी काठीवर खुणा केल्या तरी काम भागते.

उदाहरण

किण्वनपात्रात २० लिटर वर्ट हवे आहे आणि माल्ट ५ किलो आहे, असे समजू. हिशेब शेवटाकडून उलटा करतात. गाळासाठी २ लिटर धरले तर उकळून थंड झालेले वर्ट २२ लिटर लागेल. ते गरम असताना सुमारे २२.९ लिटर भरते. तासाला ३.५ लिटर वाफ जात असेल तर उकळण्यापूर्वी २६.४ लिटर हवे. धान्याचे ५ लिटर व तोटीखालचा १ लिटर मिळवल्यावर एकूण पाणी ३२.४ लिटर होते. किलोमागे ३ लिटर या प्रमाणाने १५ लिटर पाण्यात धान्य भिजवले, तर पहिल्या उताऱ्यात ९ लिटर वर्ट मिळते आणि उरलेल्या १७.४ लिटर पाण्याने धान्य धुऊन घेतात.

याच उदाहरणात वाफ प्रत्यक्षात ५.५ लिटर गेली तर थंड वर्ट सुमारे २० लिटरच उरते. साखर तेवढीच असल्याने १.०५० अपेक्षित घनता सुमारे १.०५५ होते आणि बिअर ठरवल्यापेक्षा कडक बनते. अशा वेळी उकळलेले पाणी घालून दुरुस्ती करता येते. उलट चूक अधिक त्रासाची असते: पाणी जास्त झाल्यास आणखी उकळत बसावे लागते, इंधन खर्च होते आणि हॉप्सचा कडवटपणाही वाढतो.

भांड्याबाहेरचे पाणी

वरील ३२.४ लिटर म्हणजे केवळ भांड्यात जाणारे पाणी. जालना जिल्ह्यासारख्या बेसाल्ट खडकाच्या आणि वारंवार टंचाई सोसणाऱ्या प्रदेशात खरा प्रश्न भांड्याबाहेरच्या पाण्याचा आहे. येथील विहिरी व कूपनलिकांचे पाणी अनेक ठिकाणी जड असते. त्यातील बायकार्बोनेटमुळे मिश्रणाचा सामू ५.२ ते ५.६ या इष्ट पातळीवर येणे अवघड जाते. त्यावर उपाय म्हणून घरगुती आरओ यंत्राचे पाणी वापरले, तर लिटरमागे साधारण २ ते ३ लिटर पाणी बाहेर टाकले जाते, म्हणजे ३२.४ लिटरसाठी ६५ ते ९७ लिटर.

वर्ट थंड करण्यासाठी तांब्याच्या वेटोळ्या नळीतून नळाचे पाणी सोडतात. त्यातही बिअरच्या कित्येक पट पाणी वाहून जाते. शिवाय मे महिन्यात टाकीतले पाणीच ३० अंशांच्या वर असेल, तर वर्ट त्याखाली जाऊच शकत नाही, आणि एल प्रकारच्या यीस्टला साधारण १८ ते २२ अंश तापमान मानवते. ऑस्ट्रेलियातील हौशी मंडळींत गरम वर्ट उष्णता सहन करणाऱ्या डब्यात बंद करून रात्रभर आपोआप निवू देण्याची पद्धत रूढ झाली, ती पाणी वाचवण्यासाठीच.

कायदेशीर स्थिती

ब्रिटनमध्ये १९६३ पासून परवान्याशिवाय घरी बिअर करता येते. अमेरिकेत संघीय पातळीवर तशी मुभा देणारा कायदा १९७८ साली झाला. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे गुन्हा आहे. त्यामुळे जालन्यात हा हिशेब घरगुती कृती म्हणून नव्हे, तर परवानाधारक कारखान्यांचा पाणीवापर समजून घेण्यासाठीच उपयोगी पडतो.

मराठवाड्यातील वाद

भांडी, टाक्या व बाटल्या धुणे, थंड करणे आणि वाफ तयार करणे हे सर्व धरून कारखान्यांना एक लिटर बिअरसाठी साधारण ३ ते ७ लिटर पाणी लागते. छत्रपती संभाजीनगर परिसरातील मद्यकारखाने जायकवाडी धरणाच्या पाण्यावर चालतात. कुंडलिकेवरील निजामकालीन घाणेवाडी तलाव अपुरा पडू लागल्यावर जालना शहरालाही पैठणहून जलवाहिनीने पाणी आणावे लागले. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना हा राज्यातील सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. २०१६ च्या टंचाईत मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने एप्रिलअखेर मद्यकारखान्यांच्या पाण्यात ५० टक्के आणि १० मेपासून ६० टक्के कपातीचा आदेश दिला. इतर उद्योगांसाठीची कपात त्याहून बरीच कमी होती.